मुकादमाचं वजन

वाटीत टरफलं दिसायची,
म्हणून मी समजायचे, खातोय.
फुंकर मारायची, वर मूठभर राळं टाकायचं,
आणि चकल्यांच्या ऑर्डरीकडे वळायचं.
एकदा फुंकर जरा जोरात गेली.
टरफलं उडाली ओट्यावर, सोऱ्यावर, माझ्या पिठाच्या हातांवर
आणि खाली दाणे,
सोललेले, नागवे, जसेच्या तसे.
फोडत होता.
गिळत नव्हता.

नाव सर्जेरावांनी ठेवलेलं,
हे पिवळ्या तुऱ्याचं, गालावर शेंदरी टिकली लावलेलं
कॉकटील घरात आलं त्या दिवशी:
"आख्ख्या टोळीवर वरडतंय बघ, बसल्या जागी. मुकादमच हाय."
कांदा-बटाटा मार्केटात तेवीस वर्षं पाठीवर गोणी घेतलेला माणूस,
त्याला बोटावर बसणारा मुकादम
फार आवडला.

मी म्हटलं, हा गप्प वाटतो.
ते म्हणाले, "काय न्हाय. हवा बदललीया."
आणि खरंच, मी पिंजऱ्याशी गेले की हा ताठ.
तुरा वर. शिट्टीसुद्धा, अर्धी.

मग एका पहाटे तीनला
यांच्या डब्यासाठी उठले, दिवा न लावता.
कोपरखैरण्याच्या गल्लीतला खांबावरचा उजेड
जाळीतून पिंजऱ्यावर पडलेला.
कुणी बघत नाही असं समजून
मुकादम फुगून बसला होता, कापसाच्या बोंडासारखा,
डोळे मिटून,
आणि श्वासागणिक शेपूट खालीवर,
हापशाचा दांडा हलावा तशी.
बटण दाबलं. लगेच ताठ.
मला रडू नाही आलं, राग आला.

नेरूळच्या डॉक्टर मिनी वर्गीस
टॉवेलात गुंडाळून त्याची छाती चाचपत म्हणाल्या,
"हे हाड लागतंय? इथे मांस पाहिजे होतं.
थव्यात जो आजारी दिसतो, ससाणा त्यालाच उचलतो.
म्हणून हे शेवटपर्यंत दिसू देत नाहीत.
तुम्हाला दिसलं, म्हणजे लपवायची ताकद संपली."
एकोणसत्तर ग्रॅम.
रोज वजन करा, लिहून ठेवा.

काटा होताच, भाजणी मोजायचा.
खोक्यात चाळीसचा बल्ब, खोक्यावर जुनी साडी,
बिनसुईची सिरिंज, सकाळी दोन थेंब, रात्री दोन,
अर्धे त्याच्या पोटात, अर्धे माझ्या गाउनवर.
एकोणसत्तर. अडुसष्ट. अडुसष्ट.
सहासष्ट: त्या दिवशी मी कच्च्या चकल्या पाठवल्या,
गिऱ्हाइकाचा फोन आला, मी ऐकून घेतलं.
सत्तर.
सर्जेराव मार्केटातून आले की आधी वही बघायचे, मग पाणी प्यायचे.
अठ्ठ्याहत्तर.
एकोणिसाव्या दिवशी, यांच्या चपला निघायच्या आत,
पूर्ण शिट्टी, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी.
शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या,
"उठला वाटतं तुमचा मुकादम!"

त्या पहाटेचं एक सांगायचं राहिलंय.
बटण दाबायच्या आधी
मला दाराशी सर्जेरावही दिसले होते,
दोन्ही हातांनी चौकट धरलेले, कमरेत वाकलेले,
दात आवळून श्वास मोजत.
बटण दाबलं. लगेच ताठ.
"काय गं, डबा झाला?"

टोळीत कळलं की गोणी दुसऱ्याच्या पाठीवर जाते,
मागोमाग पगारही.
मला हे ठाऊक होतं,
म्हणून मी पक्ष्याकडे बघितलं.

काल रात्री वहीत पट्टीने रेघ मारून
मुकादमाच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना आखला.
वर नाव नाही लिहिलं.
वही काट्याखाली ठेवली, जाता-येता दिसेल अशी.

सकाळी ते गेल्यावर उघडली.
मुकादम, ब्याऐंशी: हे माझ्या अक्षरात.
शेजारी, पेन्सिलीने, "काय न्हाय."
आणि त्याच्याखाली, अगदी बारीक,
"उजवीकडं. दिवाळीपासनं."